यारोमीर यागर: तेरा संघ आणि एक गाव

वाटसरू (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात इथे 'अख्खी कारकीर्द एकाच संघाकडून खेळलेले खेळाडू' असा धागा रंगला होता. तिथे मी सहज लिहून गेलो की याच्या अगदी उलट टोकाचा माणूस म्हणजे चेक आइस हॉकीपटू यागर. लगेच तिघांनी विचारलं, "हा कोण?" म्हणून हा वेगळा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी नाव. रोमन स्पेलिंग वाचलं की 'जागर' म्हणावंसं वाटतं. मी पहिले सहा महिने देवीच्या जागरासारखं तसंच म्हणत होतो. ऑफिसातल्या चेक सहकाऱ्याने शेवटी वैतागून दुरुस्त केलं: यागर, 'या' चांगला लांबवायचा. मूळ जर्मन शब्द आहे, अर्थ शिकारी.

ज्यांनी आइस हॉकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी चार ओळी. बर्फाच्या मैदानावर एका बाजूचे सहा जण, त्यातला एक गोलरक्षक. चेंडूच्या जागी रबराची जाड चकती, तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. गोल करणाऱ्याला एक गुण आणि त्याच्याआधी पक पुरवणाऱ्या शेवटच्या दोघांनाही एकेक गुण. खेळाडूची किंमत या गुणांवर ठरते. अमेरिका-कॅनडाच्या एनएचएल या हॉकी लीगमध्ये आजवर सगळ्यात जास्त गुण वेन ग्रेट्झ्कीचे, २८५७. दुसऱ्या क्रमांकावर यागर, १९२१. हे गुण त्याने तिथे नऊ संघांकडून मिळवले. युरोपातले चार धरले तर संघ होतात तेरा.

जन्म १५ फेब्रुवारी १९७२, क्लाद्नो. प्रागच्या वायव्येला, लोकलने तासाभराच्या आत पोचता येईल असं गाव. कोळशाच्या खाणी आणि 'पोल्दी'चा पोलाद कारखाना. (अवांतर: हा कारखाना काढला कार्ल विट्गेनश्टाइन यांनी, म्हणजे तत्त्वज्ञ लुडविगच्या वडिलांनी. 'पोल्दी' हे त्यांच्या बायकोचं लाडाचं नाव. बायकोच्या नावाने पोलाद विकणारा नवरा मला दुसरा माहीत नाही.) यागरचं घर गावाबाहेर, शेतीवाडीचं. पोरगा तिसऱ्या वर्षी बर्फावर उभा राहिला. थोडा मोठा झाल्यावर रोज हजार उठाबशा काढायचा. पुढे त्याच्या मांड्या पाहून बचावपटूंना घाम फुटायचा, त्याचं मूळ तिथे आहे.

आता ६८. हा आकडा त्याने आयुष्यभर पाठीवर वागवला. त्याच्या आजोबांचं नावही यारोमीर. कम्युनिस्ट राजवटीत शेत सामुदायिक शेतीला द्यायला त्यांनी नकार दिला आणि तुरुंग भोगला. ते गेले १९६८ साली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले. यागरचा जन्म त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे हे सगळं त्याने घरात ऐकलेलं. शाळेत असताना तो वहीत रोनाल्ड रेगनचा फोटो ठेवायचा. त्या काळात, त्या देशात!

सोळाव्या वर्षी तो क्लाद्नोच्या मोठ्या संघात आला. १९८९च्या नोव्हेंबरात राजवट कोसळली. त्याआधी एनएचएलला जायचं तर पळून जावं लागे. श्तास्तनी बंधू १९८०त इन्सब्रुकहून निसटले, पेत्र नेद्वेद १९८९च्या जानेवारीत कॅल्गरीच्या एका कुमार स्पर्धेतून परतलाच नाही. यागर मात्र १९९०च्या जूनमध्ये विमानाचं तिकीट काढून राजरोस व्हँकुव्हरला ड्राफ्टसाठी (तिथे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) हजर. न पळता ड्राफ्टला स्वतः हजर राहिलेला तो पहिला चेकोस्लोवाक. पाचव्या क्रमांकावर पिट्सबर्ग पेंग्विन्सने उचलला. एका पोलादाच्या गावातून निघाला तो दुसऱ्या पोलादाच्या गावात पोचला.

वय अठरा, इंग्रजी शून्य. घरच्या आठवणीने पोरगा पार कोमेजला. क्लबने डिसेंबरमध्ये कॅल्गरीहून यिरी ह्रदिना नावाचा अनुभवी चेक खेळाडू आणला, तो मुख्यतः याला सोबत म्हणून. चेकमध्ये ह्रदिना म्हणजे नायक. त्या मोसमात पिट्सबर्गने स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला, पुढच्या वर्षी परत जिंकला. १९९२च्या अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात शिकागो ४-१ने पुढे होतं. यागरने भिंतीकडून पक घेतला, एकामागून एक तिघाचौघांना चकवत आत शिरला आणि ४-४ केलं. सामना संपायला तेरा सेकंद असताना पिट्सबर्गचा कर्णधार मारियो लेम्यूने पाचवा मारला. लोकांनी तोवर शोधून काढलं होतं की 'यारोमीर'ची रोमन अक्षरं उलटसुलट लावली की 'मारियो ज्युनियर' होतं.

नव्वदचं दशक त्याचंच. गुणांच्या शर्यतीतली आर्ट रॉस ट्रॉफी पाचदा, त्यात १९९८ ते २००१ सलग चार. १९९५-९६ मध्ये १४९ गुण. १९९९मध्ये सर्वोत्कृष्ट खेळाडूची हार्ट ट्रॉफी. आणि मग २००१पासून भ्रमंती: वॉशिंग्टन, न्यूयॉर्क रेंजर्स, सैबेरियातलं ओम्स्क, फिलाडेल्फिया, डॅलस, बोस्टन, न्यू जर्सी, फ्लोरिडा, कॅल्गरी. कॅल्गरीहून २०१८च्या जानेवारीत थेट क्लाद्नो.

२०२२च्या हिवाळ्यात मी त्याला तिथेच पाहिलं. क्लब तेव्हा त्याच्याच मालकीचा होता. पन्नाशीचा माणूस, दाढीत पांढरे केस, पोरासोरांच्या निम्म्या वेगाने सरकत होता. पण कोपऱ्यात भिंतीशी पक आला की पाठ करून उभा राही, ढुंगणाने विशीतल्या दोन पोरांना लांब ठेवी, आणि पक कुणाच्या बापाला मिळत नसे. शेजारच्या बाकावरचे आजोबा हातात बिअर घेऊन प्रत्येक वेळी तेच एक वाक्य पुटपुटत होते. सहकाऱ्याला अर्थ विचारला तर म्हणाला, "ते म्हणतायत, घ्या की काढून."

तेरा संघ बदलणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते मला माहीत आहे. मला पटत नाही. पण आधी तुमचं ऐकतो.

---

चहाबाज

पहिला! चहा घेऊनच बसलो होतो, दोन कप संपले.

'जागर' आवडलं. मध्यंतरी कुठेतरी वाचलं होतं की हा गडी चाळिशीनंतर मध्यरात्री रिंकवर एकटा सराव करायचा, अंगात वजनाचं जाकीट, पायाला वजनं. म्हणजे जागरच की हो! तुमचा पहिल्या सहा महिन्यांतला उच्चार बरोबर होता.

---

खडूसकाका

लेख चांगला. निष्कर्ष गुळमुळीत.

काही गोष्टी धागाकर्त्यांनी सोयीस्कर गाळल्यात. २००१मध्ये वॉशिंग्टनने त्याला सात वर्षांचे ७ कोटी ७० लाख डॉलर दिले, तेव्हाचा विक्रमी करार. बदल्यात काय मिळालं? एकाही मोसमात शंभर गुण नाहीत. शेवटी २००४च्या जानेवारीत वॉशिंग्टनने त्याला रेंजर्सच्या गळ्यात घातलं, आणि वर त्याच्या पगारातला वाटा आपल्याच खिशातून देत राहिले. लग्नात हुंडा देऊन शिवाय घरभाडंही भरायचं, तसं. आणि रेंजर्सकडे २००५-०६च्या एकाच मोसमात ५४ गोल, १२३ गुण, क्लबचे दोन्ही विक्रम मोडीत. म्हणजे अंगात होतं, द्यायचं नव्हतं.

मग २०११. ओम्स्कहून परत यायचं ठरलं, पिट्सबर्ग डोळे लावून बसलेलं. आणि साहेबांनी सही केली कुठे? फिलाडेल्फियाशी. पिट्सबर्गच्या हाडवैऱ्याशी. याला भ्रमंती म्हणायचं असेल तर म्हणा. आमच्या गावात वेगळा शब्द आहे.

---

स्टीलसिटीकर

काका, त्या जखमेवरची खपली काढलीत म्हणून लिहितो. मी पिट्सबर्गला १९९८ साली शिकायला आलो तो इथलाच झालो. बर्फावरचा खेळ बघायचा म्हणजे आधी थंडीत गाडी चालवायला शिकायचं, या क्रमाने मी अमेरिका शिकलो.

२०११च्या जूनअखेर इथे लोक अक्षरशः विमानांचा माग काढत होते, तो कुठे उतरतोय म्हणून. १ जुलैला बातमी आली, फिलाडेल्फिया, एक वर्ष, ३३ लाख डॉलर. माझा शेजारी (सत्तरीचा, जन्म इथलाच) त्याने गॅरेजमधली ६८ नंबरची जर्सी काढून कुत्र्याच्या बिछान्यात टाकली. डिसेंबरात यागर इथे खेळायला आला तेव्हा स्टिकला पक लागला की अख्खं स्टेडियम हुर्यो करायचं. त्याने गोल केला आणि जुना सलाम ठोकला. शेजाऱ्याला दोन दिवस फोन केला नाही. वर त्या मोसमाच्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) फिलाडेल्फियाने आम्हाला पहिल्याच फेरीत घरी बसवलं.

पण दुसरी बाजूही सांगतो. १९९८च्या शेवटी पेंग्विन्स दिवाळखोरीत होते. क्लब गाव सोडून जाणार, बंद पडणार, असं रोज पेपरात. १९९९च्या प्लेऑफमध्ये न्यू जर्सी ३-२ने पुढे. यागर जांघेच्या दुखापतीने आधीचे सामने बाहेर. सहाव्या सामन्याला तसाच उतरला. दोन-अडीच मिनिटं उरली असताना बरोबरी केली आणि जादा वेळेत विजयी गोल मारला. सातवा सामना जिंकून पिट्सबर्ग पुढे गेलं, पुढच्या फेरीचं तिकिटाचं उत्पन्न आलं. त्या उन्हाळ्यात लेम्यूने क्लब विकत घेतला. तो गोल झाला नसता तर क्लबचं काय झालं असतं, यावर इथे अजून बिअरच्या टेबलावर भांडणं होतात. माझं मत विचाराल तर आज इथे हॉकी आहे त्यात त्या रात्रीचा हिस्सा मोठा आहे.

आणि त्याला २००१मध्ये वॉशिंग्टनला विकलं ते आम्हीच. पैसे नव्हते. बदल्यात तीन होतकरू पोरं घेतली, तिघांपैकी कुणाचंच नाव आज शेजाऱ्यालाही आठवत नाही. मग सोडून कोण गेलं?

१८ फेब्रुवारी २०२४ला क्लबने ६८ नंबर निवृत्त केला. बावन्न वर्षांचा बुवा, सामन्याआधीच्या सरावाला संघाची जर्सी घालून पोरांबरोबर बर्फावर उतरला. शेजारी आता नाहीत. त्यांच्या मुलाने जर्सी आणली होती, धुऊन.

---

चहाबाज

दंडवत. 'धुऊन' ला.

---

मृण्मयी_टोरांटो

वाटसरू, नागानो कसं काय विसरलात?? कॅनडात राहून मीच आठवण करून द्यायची म्हणजे कमाल आहे.

१९९८ची हिवाळी ऑलिंपिक. एनएचएलचे खेळाडू पहिल्यांदाच ऑलिंपिकला आलेले. कॅनडाकडे ग्रेट्झ्की, लिंड्रॉस, बोर्क, शॅनहन, सुवर्ण म्हणजे हातातच आहे असं वातावरण. उपांत्य फेरीत चेक संघाशी १-१, मग पेनल्टी. चेककडून फक्त रॉबर्ट रायखेलचा आत गेला. कॅनडाच्या पाचही जणांना चेक गोलरक्षक दोमिनिक हाशेकने अडवलं. आणि त्या पाचांत ग्रेट्झ्की नव्हता! प्रशिक्षकाने त्याला पाठवलंच नाही. माझे सासरे अजून तो विषय निघाला की जेवणावरून उठतात. (आमच्याकडे सासरे कॅनडियन, पुरणपोळीवर मेपल सिरप घालतात. असो.)

अंतिम सामन्यात रशियाला १-० हरवलं, गोल पेत्र स्वोबोदाचा. ज्यांच्या रणगाड्यांचं वर्ष पाठीवर घेऊन यागर खेळत होता, त्यांच्याविरुद्ध. प्रागच्या जुन्या चौकात किती माणसं लोटली होती त्याचे फोटो बघा. यागरचे आकडे त्या स्पर्धेत काही थोर नाहीत, ती हाशेकची स्पर्धा होती. पण त्या संघातला सगळ्यात मोठा चेहरा तोच.

---

निरागस बोका

नियम डोक्यावरून गेले पण सगळं वाचलं. कुत्र्याच्या बिछान्यापाशी थांबलो होतो जरा.

---

गोदाकाठ

मी खेळातलं काही जाणत नाही. ६८च्या परिच्छेदासाठी लिहिते आहे.

शेत हातातून गेलेल्या घरात वाढलेल्या पोराला 'घर' या शब्दाचा अर्थ वेगळा कळतो. आमची जमीन धरणात गेली. वडिलांनी पुढे चार गावांत नोकरी केली, पण पत्ता विचारला की सांगायचे ते पाण्याखालच्या गावाचं नाव. या माणसाच्या पाठीवरचा आकडा मला तसाच वाटला. मालक कुणीही असो, पत्ता तोच.

चेक लोकांसाठी हॉकी म्हणजे फक्त खेळ नव्हता असं वाचलंय. १९६९च्या मार्चमध्ये स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी सोव्हिएत संघाला दोनदा हरवलं, तेव्हा काही खेळाडूंनी जर्सीवरचा तांबडा तारा चिकटपट्टीने झाकला होता. दुसऱ्या विजयानंतर प्रागमध्ये लोक रस्त्यावर आले आणि एरोफ्लोटचं ऑफिस फोडलं. यागरचा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी.

एक शंका: मग हाच माणूस रशियात, ओम्स्कला तीन वर्षं कसा खेळला? आजोबांना काय वाटलं असतं?

---

खडूसकाका

गोदाताईंनी नेमका प्रश्न विचारला. वाट बघतोय उत्तराची.

---

आकडेबहाद्दर

उत्तर येईपर्यंत थोडी पारावरची आकडेमोड. कामावर बसून केली आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

यागरचे एनएचएलमधले गोल ७६६. ग्रेट्झ्कीचे ८९४. (२०२५च्या एप्रिलमध्ये रशियाच्या ओवेच्किनने ग्रेट्झ्कीलाही मागे टाकलं, ते सध्या बाजूला ठेवू.) फरक १२८.

ओम्स्कच्या तीन मोसमांत यागरचे गोल २५, २२ आणि १९. बेरीज ६६. हे एनएचएलमध्येही झाले असते असं धरू: ८३२.

२००४-०५चा मोसम मालक-खेळाडू वादात अख्खा बुडाला. त्याच्या आदल्या वर्षी यागरचे ३१, नंतरच्या वर्षी ५४. सरासरी साडेबेचाळीस, अर्धा सोडा. ८७४.

१९९४-९५ला असाच वाद, ८४ऐवजी ४८ सामने. त्यात त्याने ३२ मारले. उरलेल्या ३६ सामन्यांत त्याच गतीने २४. झाले ८९८.

८९८ > ८९४. आणि २०१२-१३चा अर्धा बुडालेला मोसम तर मी धरलाच नाही.

---

खडूसकाका

आत्याबाईला मिशा असत्या तर.

१) १९९४-९५ ग्रेट्झ्कीचाही बुडाला. त्याचे धरा की.
२) ओम्स्कला कुणी पळवून नेलं नव्हतं, स्वतः गेला.
३) रशियातले २५ म्हणजे इथले २५ नव्हेत.

---

मृण्मयी_टोरांटो

काका, मग काळाचाही हिशोब करा. ग्रेट्झ्कीच्या ऐन भरात, ऐंशीच्या दशकात, गोलांचा पाऊस पडायचा. नव्वदच्या उत्तरार्धात बचाव इतका आवळला की सामने २-१ने संपायला लागले. १९९७-९८मध्ये अख्ख्या लीगमध्ये शंभरी गाठणारा यागर एकटा, १०२. पुढच्या वर्षी त्याचे १२७, दुसऱ्या क्रमांकावरच्या सेलानेचे १०७. वीस गुणांचं अंतर! दुष्काळातलं पीक आणि पावसाळ्यातलं पीक एकाच काट्यावर तोलू नका.

जाता जाता एक गंमत. १८ एप्रिल १९९९, ग्रेट्झ्कीचा शेवटचा सामना, न्यूयॉर्क. समोर पिट्सबर्ग. जादा वेळेत विजयी गोल कुणी मारला असेल? ;-)

---

वाटसरू

दोन दिवस प्रवासात होतो, धागा इतका पळेल असं वाटलं नव्हतं. मृण्मयीताई, नागानो मुद्दाम राखून ठेवलं होतं, कुणीतरी लिहील म्हणून. माझ्यापेक्षा बरं लिहिलंत.

काकांसाठी आधी हिशोब. एनएचएलमधले नऊ संघ. पिट्सबर्ग ड्राफ्टने. वॉशिंग्टन, रेंजर्स, बोस्टन, फ्लोरिडा हे चार क्लबांनी केलेले सौदे, म्हणजे बदली. स्वतः सही केली ती फिलाडेल्फिया, डॅलस, न्यू जर्सी आणि कॅल्गरीशी, तीही एकोणचाळिशीनंतर, बहुतेक एकेका वर्षाच्या करारावर. त्या वयात दोन-तीन वर्षांचा करार कुणी देत नसतं. नोकरीत असलेल्या माणसाची बदली झाली तर आपण त्याला बेइमान म्हणत नाही. पोस्टमास्तरांची पोरं चार शाळा बदलून दहावी होतात.

युरोपातल्या चारांपैकी इटलीतलं बोल्झानो आणि जर्मनीतलं शाल्के हे १९९४च्या बंद काळातले पाहुणे. शाल्केकडून खेळला एकच सामना, त्यात ११ गुण. त्या दिवशी समोरच्या गोलरक्षकाचं काय झालं असेल कल्पना करा.

वॉशिंग्टनबद्दल काका बरोबर आहेत. ते अडीच मोसम त्याच्या नावाला शोभले नाहीत. मी वकिली करत नाही.

आता गोदाताईंचा प्रश्न, तो मलाही पडला होता. २००८ला रेंजर्सशी करार संपला, ओम्स्कने चांगले पैसे देऊ केले. २००४-०५च्या बुडीत मोसमात तो तिथे खेळून आला होता, माणसं ओळखीची होती. त्याचा राग राजवटीवर होता, बाजूच्या खुर्चीवर बसणाऱ्या पोरावर नव्हता, एवढंच मी समजून घेतलंय. आणि बाजूला बसणाऱ्या पोराबद्दल सांगायलाच हवं. अलेक्सेई चेरेपानोव, एकोणीस वर्षांचा, रेंजर्सने ड्राफ्टमध्ये निवडून ठेवलेला. यागरच्याच फळीत खेळायचा. १३ ऑक्टोबर २००८, मॉस्कोजवळच्या चेखोवमध्ये सामना. शेवटची काही मिनिटं उरली होती. दोघं एकत्र बर्फावरून बाकावर आले, बोलत बसले, आणि पोरगा तिथेच कोसळला. हृदय. रुग्णवाहिका मैदानावरून आधीच निघून गेलेली. वाचला नाही. यागर त्यानंतरही तिथे अडीच वर्षं खेळला.

बोस्टनचंही सांगतो, स्टीलसिटीकरांचं पिट्सबर्ग-दुःख थोडं वाढवायला. २०१३, पूर्व विभागाची अंतिम फेरी, बोस्टन विरुद्ध पिट्सबर्ग. तिसरा सामना दुसऱ्या जादा डावापर्यंत लांबलेला. मध्यरात्र उलटून गेलेली. यागर एकेचाळीस वर्षांचा. मैदानाच्या मध्यावर त्याने मालकिनकडून पक हिसकावला. मालकिन म्हणजे पिट्सबर्गचा त्या वेळचा राजा, वयाने चौदा वर्षांनी लहान. तिथून पक बोस्टनच्याच मार्शांकडे, मार्शांकडून बर्जरॉनकडे, गोल, सामना खलास. बोस्टनने ४-०ने धुतलं. त्या प्लेऑफमध्ये यागरने बावीस सामन्यांत एकही गोल केला नाही, नुसते दहा असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलासाठी पक पुरवला. म्हातारा बैल नांगराला पुढे नसतो, पण सरी सरळ ठेवतो. शेवटी कप गेला शिकागोला, सहाव्या सामन्यात अखेरीस सतरा सेकंदांत दोन गोल खाऊन. १९९२ला ज्या शिकागोला हरवलं त्यांनीच एकवीस वर्षांनी फेड केली.

---

स्टीलसिटीकर

मालकिनच्या त्या क्षणाची आठवण करून दिल्याबद्दल धागाकर्त्यांचे आभार मानणार नाही.

---

चहाबाज

वातावरण गंभीर झालंय, म्हणून केसांबद्दल.

नव्वदच्या दशकात याचे केस पुढून कारकून आणि मागून तमाशातला नाच्या, असे होते. हेल्मेटखालून झुपका मानेवर. नंतर कापले. २०१५च्या सुमारास फ्लोरिडात, त्रेचाळिसाव्या वर्षी परत वाढवले आणि त्या मोसमात ६६ गुण काढले. निष्कर्ष ज्याचा त्याने काढावा.

आणि कॅनडात काही मित्रांची एक टोळी आहे. डोक्यावर तसल्या केसांचा टोप, अंगात यागरची जर्सी, पण प्रत्येकाची वेगळ्या संघाची. तो जिथे खेळेल तिथे ही दिंडी हजर. त्याने संघ बदलला की दिंडीत एक वारकरी वाढवायचा. मंडळी कॅल्गरीकडची, आणि शेवटी २०१७ला विठोबाच स्वतः कॅल्गरीला आला! तिथे २२ सामने, एक गोल, गुडघा आणि जांघ बोंबललेली, पण दिंडीला घरबसल्या दर्शन.

२०२४मध्ये पिट्सबर्गने त्याच्या मान हलवणाऱ्या बाहुल्या प्रेक्षकांना वाटायचं ठरवलं, तर बाहुल्यांचा अख्खा माल वाटेत कॅलिफोर्नियात चोरीला गेला. पुढे सापडला म्हणा. बाहुल्यांनीही फिरायचं सोडलं नाही.

---

खडूसकाका

दिंडी वगैरे ठीक. माझा शेवटचा मुद्दा, मग मी गप्प.

क्लाद्नो. स्वतःचा क्लब, स्वतःच मालक, आणि पन्नाशीनंतरही स्वतःच मैदानात. कोण बसवणार याला बाहेर? प्रशिक्षकाचा पगार हाच देतो. त्या जागेवर एक अठरा वर्षांचा पोरगा खेळला असता. १९८८ला क्लाद्नोने सोळा वर्षांच्या यागरला जागा दिली, तेव्हा कुणीतरी पन्नाशीचा मालक जागा अडवून बसला असता तर? गावाचं प्रेम वगैरे मला यात दिसत नाही. सोडवत नाही, एवढंच दिसतं.

---

गोदाकाठ

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

---

वाटसरू

काका, हा मुद्दा तिथल्या बाकावरच्या आजोबांशीही निघाला होता, सहकाऱ्याच्या मध्यस्थीने. म्हणून ऐकलेलं आणि माहीत असलेलं दोन्ही लिहितो.

क्लब आधी वडिलांकडे होता. २०११मध्ये यागरने तो स्वतःकडे घेतला, तेव्हा तो फिलाडेल्फियात खेळायला निघाला होता. अमेरिकेत कमवायचं आणि क्लाद्नोत घालायचं, असं सुरू झालं. २०१४ला संघ पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. २०१९ला परत वर आला, आणि वर येण्याच्या निर्णायक लढतीत सत्तेचाळीस वर्षांच्या मालकाने एकट्याने चार गोल मारले. २०२०ला परत खाली, २०२१ला परत वर. पाळणा नुसता.

खाणी बंद, पोल्दीचं वैभव गेलेलं, गावाच्या खिशात दमडी नाही. प्रायोजक येतात ते यागर खेळतो म्हणून. तो बर्फावर उतरणार असेल तर बाहेरगावचे क्लबही तिकिटं संपवतात. हे तो स्वतः उघड बोललाय, की मी थांबलो तर पैसेही थांबतील. म्हणजे अठरा वर्षांच्या पोराला जागा मिळायची तर आधी क्लब जिवंत राहायला हवा, आणि क्लब जिवंत राहायचा तर म्हाताऱ्याने जागा अडवायला हवी. आजोबांना मी हेच विचारलं, हे बरोबर आहे का? ते म्हणाले, बरोबर नाहीये. मग म्हणाले, पुढच्या शुक्रवारीही येणार आहे मी.

२०२२च्या नोव्हेंबरात वडील गेले. तरी खेळत राहिला. २०२४-२५च्या मोसमातही, त्रेपन्नाव्या वर्षी, तो क्लाद्नोच्या यादीत होता. ऐंशीचं दशक धरलं तर ही पाच दशकं झाली.

सोडवत नाही हे तुमचं खरं आहे, काका. मी नाही म्हणत नाही.

---

आकडेबहाद्दर

२०१२-१३चा अर्धा मोसम धरून नवीन आकडा ९१०च्या आसपास जातो. कुणाला हवा असेल तर तक्ता टाकतो.

---

मृण्मयी_टोरांटो

नको. सासरे हा धागा वाचणार नाहीत याची आधी खात्री करू दे. (त्यांना मराठी येत नाही, पण आकडे येतात.)

---

खडूसकाका

मत बदललेलं नाही.

ती बोस्टनची क्लिप मात्र शोधून पाहिली. मालकिनला कळतच नाही पक कधी गेला ते. हिसकावल्यावर हा बाबा वर बघतसुद्धा नाही, मार्शां कुठे असेल ते त्याला माहीतच असतं. पाच वेळा पाहिली. बायको विचारतेय, काय चाललंय रात्री बारा वाजता. सांगितलं, जागर.